टपावरचे सुटे कॅरिअर (स्नोबोर्डसाठी)

मोटारीच्या टपावर हंगामापुरते बसवून हंगाम सरताच उतरवून ठेवता येईल, असे स्नोबोर्ड वाहून नेण्याचे साधन. मुंबईच्या रस्त्यांवरून 2023 मध्ये निवृत्त झालेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या टपावर बारमाही वास्तव्य करणारे सामानाचे कॅरिअर मराठी वाचकांच्या परिचयाचे आहेच. प्रस्तुत साधनाचे प्रयोजन त्याहून फारसे निराळे नसले, तरी त्याची घडण मात्र बर्फाळ मुलखातील वेगवान महामार्ग, बोचरा वारा आणि खारट चिखल यांचा विचार करून झालेली आहे.

स्कीच्या मानाने स्नोबोर्ड अर्वाचीन. 1965 साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून जे खेळणे बनविले, त्यातून या क्रीडेचा उगम झाला. 1977 मध्ये जेक बर्टन कारपेंटर यांनी व्हरमाँट राज्यात बोर्डांचा कारखाना काढला आणि 1998 च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये या क्रीडेला प्रवेश मिळाला. टपावरचे कॅरिअर त्यापूर्वीच स्कीसाठी सिद्ध झाले होते. स्वीडनच्या थूले कंपनीने आपले पहिले स्की-कॅरिअर 1962 मध्ये बाजारात आणले. पुढे त्याच्या पकडीचे हात लांब आणि जबडे रुंद करून स्नोबोर्डाची सोय लावण्यात आली.

निवडीचा आरंभ बोर्डापासून नव्हे, टपापासून करावा लागतो. जुन्या मोटारींना टपाच्या दोन्ही कडांना पावसाच्या पाण्याची पन्हळ असे व कोणतेही कॅरिअर तिला पकडून बसे; पन्हळ गेली आणि ही सार्वत्रिक मुभाही गेली. आता काही मोटारींच्या टपावर उंच, खालून मोकळे कठडे असतात, काहींचे कठडे टपाला चिकटलेले असतात, काहींत लहान झाकणाखाली मळसूत्राची जागा राखलेली असते आणि पुष्कळांचा टप अगदी सपाट, निराधार असतो. या शेवटच्या प्रकारात कॅरिअरचा पाय रबरी गादीवर टेकतो आणि त्याची पोलादी आकडी, दार उघडल्यावर दिसणाऱ्या चौकटीच्या वरच्या कडेला, रबरी पट्टीच्या आत अडकते. ती आकडी त्या विशिष्ट मोटारीच्या वळणाबरहुकूम घडविलेली असल्यामुळे शेजाऱ्याच्या मोटारीचा संच आपल्या मोटारीला बसेलच, अशी हमी कोणी देऊ नये. मोटार बदलली तर आडव्या दांड्या कायम ठेवून केवळ पाय किंवा आकड्या बदलण्याची तजवीज चांगल्या संचात असते, आणि थोडी अधिक किंमत मोजण्याचे हे सबळ कारण आहे.

वजनाची चिंता बहुधा अनाठायी ठरते. टपावरील भाराची मर्यादा मोटारीच्या माहितीपुस्तिकेत नमूद असते. ती सामान्यतः 50 ते 75 किग्रॅ. असते व तीत कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरावयाचे असते. बाइंडिंगसह (बूट बोर्डाला जखडणाऱ्या जोडणीसह) चार बोर्ड, दोन दांड्या आणि पकडी यांचा एकूण हिशेब 30 किग्रॅ.च्या आसपास थांबतो. खरा प्रतिस्पर्धी वारा. त्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी 80 किमी.ऐवजी 110 किमी. वेगाने जाणाऱ्या मोटारीवर तो जवळजवळ दुप्पट होतो, आणि बोर्डाचे वर वळलेले टोक पुढे आले तर तो बोर्डाला उचलूही पाहतो; म्हणून ज्या बोर्डाला निश्चित पुढची बाजू असते, त्याचे टोक मोटारीच्या मागील दिशेस ठेवण्याची शिफारस केली जाते. चौकोनी दांडी वाऱ्यात शिट्टी घालते, पंखाच्या आकाराची पुष्कळच कमी.

दांड्यांवाचूनची साधने स्वस्त किंवा सुटसुटीत असतात आणि नवख्याला मोहात पाडतात. चुंबकी पकड पोलादी पत्र्यावरच चालते. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या टपावर ती निरुपयोगी, आणि मध्ये बर्फाचा पातळ थर राहिला तरी तिचे बळ झपाट्याने घटते. हवा शोषून चिकटणाऱ्या रबरी वाट्या कडाक्याच्या थंडीत ताठरतात. पट्ट्यांनी बांधावयाच्या फोमच्या गाद्या हे मात्र प्रामाणिक साधन आहे: पट्टे दारांतून आत घेऊन आवळतात, सगळा संच एका पिशवीत मावतो. त्यांच्या दोन खोडी लक्षात ठेवाव्यात. वितळलेल्या बर्फाचे पाणी पट्ट्यावरून झिरपत आसनावर उतरते, आणि ताणलेला सपाट पट्टा वाऱ्यात अखंड गुणगुणतो. पट्ट्याला एक पीळ दिला की ही गुणगुण बहुधा थांबते.

पकड निवडताना ती जाड हातमोजे न काढता उघडता येते की नाही, हे दुकानातच पाहावे, कारण डोंगरमाथ्याच्या वाहनतळावर उघडी बोटे काही मिनिटांतच बधिर होतात. बाइंडिंगचा पाठटेका दुमडला तरी तिची उंची उरतेच. बोर्ड एकावर एक ठेवताना खालच्या बोर्डाची बाइंडिंग टपाला घासणार नाही एवढे अंतर दांडीखाली हवे. मागचे दार वर उघडणारे असेल, तर ते बोर्डावर आदळत नाही ना, याचीही खातरजमा एकदा सावकाश करावी.

आता राहिला खारट चिखल. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहरातून आय-70 महामार्गाने ब्रेकेनरिज या स्कीस्थळाकडे निघालेली मोटार सुमारे 3,400 मी. उंचीवरील आयझेनहॉवर बोगदा ओलांडते. तेथील अशा रस्त्यांवर बर्फ वितळविण्यासाठी मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण फवारतात. त्याचे तुषार बोर्डाच्या पोलादी कडांवर, कुलपांत आणि कॅरिअरच्या पायाखाली साचून गंज व चरे निर्माण करतात. यासाठी बसविण्यापूर्वी टप पुसणे आणि परतल्यावर सर्व भाग गोड्या पाण्याने धुणे अगत्याचे. रिकामे कॅरिअरही इंधन खाते. उतरविता येणारे कॅरिअर वर्षभर टपावर ठेवले तर त्याच्या सुटेपणासाठी दिलेले पैसे वाया गेले असेच म्हणावे लागेल.

हंगामात एखाद-दोनदा जाणाऱ्याने, अथवा भाड्याची मोटार घेणाऱ्या प्रवाशाने करारनाम्यातील अटी पाहून, पट्ट्यांच्या गाद्या घ्याव्यात. दर आठवड्यास डोंगर गाठणाऱ्याने दांड्या आणि कुलपाची पकड यांवरच खर्च करावा. दोघांनीही पहिल्या काही किलोमीटरनंतर सुरक्षित जागी थांबून सर्व जोड पुन्हा हाताने हलवून पाहावेत.