नाव त्याचं, झेंडा दुसऱ्याचा: सोन की-चुंगची मॅरेथॉन

आजचा एपिसोड एका फोटोपासून सुरू करतो. पॉज करून शोधलात तरी चालेल.

बर्लिन, 9 ऑगस्ट 1936. ऑलिंपिक मॅरेथॉनचा पदक समारंभ. पहिला आलेला धावपटू मान खाली घालून उभा आहे. बक्षीस मिळालेलं ओकचं रोप त्यानं छातीशी धरलंय. मला आधी वाटलं, दमला असेल बिचारा, 42 किलोमीटर पळून आलाय! पण तसं नव्हतं. रोपाआड तो छातीवरचा जपानचा झेंडा लपवत होता.

त्याचं नाव सोन की-चुंग. जन्म 1912 चा, आजच्या उत्तर कोरियातल्या सिनुइजूचा. 1910 मध्येच जपाननं कोरिया ताब्यात घेतला होता. म्हणजे ऑलिंपिकला जायचं तर जपानच्या संघातून, आणि नावही जपानी उच्चाराचं: किटेई सोन. 1935 मध्ये टोकियोत 2 तास 26 मिनिटं 42 सेकंद अशी जगातली सर्वोत्तम वेळ त्यानं नोंदवली, तरी स्वतःच्या नावानं धावायची सोय नव्हती.

बर्लिनमध्ये गतविजेता, अर्जेंटिनाचा झबाला, सुरुवातीलाच सुसाट सुटला. सोनच्या सोबत पळणाऱ्या ब्रिटनच्या अर्नी हार्परनं खुणावलं, त्याच्या मागे लागू नकोस. सोननं ऐकलं. पुढे झबालानं शर्यतच सोडली. सोन 2:29:19 वेळेत पहिला, हार्पर दुसरा, आणि तिसरा कोण? आणखी एक कोरियन, नाम सुंग-योंग. नाम नंतर म्हणाला, मला सोनच्या सुवर्णपदकाचा नाही, त्या रोपाचा हेवा वाटला. रोप फक्त विजेत्याला मिळायचं ना! नामकडे झेंडा झाकायला काहीच नव्हतं.

मग सोलच्या 'डोंग-आ इल्बो' या दैनिकानं सोनचा फोटो छापला, छातीवरचा झेंडा पुसून. पत्रकार तुरुंगात गेले, पेपर नऊ महिने बंद पडला.

आता आपल्याकडे बघा. त्याच बर्लिनमध्ये ध्यानचंदांचा हॉकी संघ होता. अधिकृत झेंडा ब्रिटिश भारताचा. पण 15 ऑगस्टच्या फायनलआधी आपल्या खेळाडूंनी ड्रेसिंग रूममध्ये तिरंग्याला सलाम केला, आणि मग जर्मनीला 8-1 नं धुतलं. आपल्याला निदान 'इंडिया' हे नाव तरी होतं. कोरिया तर यादीतच नव्हता.

1945 मध्ये कोरिया मुक्त झाला. सोन प्रशिक्षक झाला. 1947 मध्ये त्याचा शिष्य सुह युन-बोक बोस्टन मॅरेथॉन जिंकला, कोरियाच्या नावानं. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये म्हातारा सोन मशाल घेऊन स्टेडियममध्ये आला, अक्षरशः उड्या मारत! आणि 1992 मध्ये बार्सिलोनात ह्वांग यंग-जोनं मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा सोन तिथे हजर होता. तारीख? पुन्हा 9 ऑगस्ट.

2002 मध्ये सोन गेला. ऑलिंपिकच्या नोंदीत त्याचं पदक आजही जपानच्या खात्यात आहे. बदलावं का? माझं मत सांगतो. 'जपान' पुसलं तर 1936 ची गुलामीही पुसली जाईल. ती नोंद राहू दे. पण त्या ओळीत पहिलं नाव मात्र 'सोन की-चुंग' असायला हवं. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!