लुगडे, पातळ व साडी

लुगडे, पातळ व साडी : स्त्रियांच्या न शिवलेल्या लांब वस्त्राची मराठीतील तीन नावे. ती समानार्थी म्हणून योजिली जात असली, तरी त्यांचे मूळ अर्थ व सामाजिक संदर्भ भिन्न आहेत.

‘लुगडे’ म्हणजे सामान्यतः नऊवारी (सु. ८·२ मी.) वस्त्र. ते कासोटा घालून, म्हणजे सकच्छ नेसतात. त्यामुळे परकराची गरज नसते व शेतकामासारख्या श्रमांत हालचाल सुलभ होते. गुजरातीत ‘लूगडुं’ हा शब्द कोणत्याही कपड्यास लावतात, तर कोकणीत ‘लुगट’ म्हणजे कापड. यावरून लुगडे या शब्दाचा अर्थही मुळात व्यापक असावा. याउलट मराठीत व्यापक अर्थाचा राहिलेला ‘कापड’ हा शब्द गोव्याच्या कोकणीत साडीचा वाचक आहे, उदा., कुणबी कापड. अर्थसंकोच दोन्ही भाषांत घडला. परंतु तो भिन्न शब्दांचा.

‘पातळ’ हे मूळचे विशेषण. तलम पोतामुळे ते वस्त्राचेच नाव बनले. मुंबईत १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी स्थापन झाल्यानंतर गिरण्यांची वाढ होत गेली. विसाव्या शतकात गिरणीच्या सुती पातळांचा शहरी मध्यमवर्गात प्रसार झाला. पातळ नऊवारी असे, तसेच पाचवारी वा सहावारीही. म्हणजे लुगडे या नावात लांबी व नेसण अभिप्रेत आहे, तर पातळ या नावात पोत.

‘साडी’ हा शब्द संस्कृत ‘शाटी’, ‘शाटिका’ यांवरून आला. तोही प्रारंभी केवळ स्त्रीवस्त्राचा वाचक नव्हता. पाली विनयपिटकात भिक्षूंच्या पावसाळी वस्त्रास ‘वस्सिकसाटिका’ म्हटले आहे. विसाव्या शतकात स्त्रीशिक्षण व नोकरी यांबरोबर परकरावर विकच्छ नेसावयाची पाचवारी-सहावारी साडी रूढ झाली. पुढे साडी हेच सर्वसमावेशक नाव ठरले. लुगड्यालाही ‘नऊवारी साडी’ म्हणू लागले आणि लुगडे हा शब्द मुख्यतः ग्रामीण व वृद्ध स्त्रियांच्या बोलीत उरला.

नावाच्या या स्थित्यंतरांमुळे जुन्या ग्रंथांतील वा कागदपत्रांतील शाटी, लुगडे यांसारख्या शब्दांवरून आजच्या वस्त्राचे रूप गृहीत धरल्यास वेशभूषेच्या इतिहासात कालविपर्यास होतो. वस्त्राची लांबी, नेसण व नेसणारी व्यक्ती यांचा निर्णय संदर्भावरून आणि शिल्पचित्रादी पुराव्यांवरूनच करावा लागतो.