सीट पुढे कशी सरकली? माउंटन बाइकच्या पाच अंशांची गोष्ट

एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. नवी माउंटन बाइक घेतली, पण सीटवर बसलं की हँडलवर कलंडल्यासारखं वाटतं, सपाट रस्त्यावर हातांना मुंग्या येतात. सीट मागे ढकलू का? थांबा, लगेच पाना काढू नका. आधी जरा मागे जाऊ.

कॅलिफोर्नियातली मरिन काउंटी, २१ ऑक्टोबर १९७६. श्विनच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन काही पोरं डोंगरातल्या एका कच्च्या उतारावर शर्यतीला जमली. अंतर साधारण ३.४ किलोमीटर, उतार जवळजवळ ४०० मीटरचा. ब्रेक कसला, तर उलटं पायडल मारलं की लागणारा. हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं. मग खाली पोचलं की हब उघडा, नवं ग्रीस भरा, म्हणजे 'रीपॅक' करा. उताराचं नावच रीपॅक पडलं!

या शर्यतींतून गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ ही नावं पुढे आली. १९७७ मध्ये ब्रीझनं डोंगरासाठी खास नवी फ्रेम बनवली, पण कोन बरेचसे त्या जुन्या श्विनचेच ठेवले. म्हणजे सीट ट्यूब चांगलीच मागे कललेली. उतारावर ते ठीकच. चढावर मात्र वजन मागच्या चाकावर जातं आणि पुढचं चाक उचलायला लागतं.

शिवाय उंचीचा घोळ होताच. चढताना सीट उंच हवी, उतरताना खाली. दर वेळी उतरून क्लँप सोडत बसायचं? १९८४ मध्ये ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी 'हाइट-राइट' आणलं. एक साधी स्प्रिंग. चालत्या सायकलवर क्विक रिलीज सोडायचा, वजन टाकलं की सीट खाली, उठलं की वर. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वात गोड युक्ती वाटते.

मग शर्यतींचा जमाना आला. १९९० मध्ये डुरँगोला अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, सीट उंच ठेवूनच उतरायची सवय पडली, आणि रोड सायकलवाल्यांचा ओळंब्याचा नियम इकडेही वापरला जाऊ लागला. क्रँक आडवा करा, गुडघ्यावरून ओळंबा सोडा, तो पायडलच्या आसावर आला पाहिजे. कीथ बाँट्रेगर या फ्रेम बनवणाऱ्यानं लेख लिहून या नियमाला भाकडकथा म्हटलं. बरोबरच आहे की! झोपून चालवायच्या सायकलवर गुडघा आसाच्या कितीतरी मागे असतो, ती चालतेच ना?

२०१० मध्ये रॉकशॉक्सचा 'रिव्हर्ब' आला. हँडलवरचं बटण दाबून सीट खालीवर. असे ड्रॉपर आधीही होते, पण यानंतर ते घरोघरी पोचले. (२०२२ मध्ये माटेय मोहोरिचनं ड्रॉपर लावून मिलान-सान रेमो जिंकली. चक्क रोड शर्यत!) आता उतारावर सीट खाली जाणारच असेल, तर वरची जागा फक्त चढाचा विचार करून ठरवता येते. म्हणून सीट ट्यूब उभी होत गेली, ७६-७८ अंशांपर्यंत.

आकडा बघा. सीट क्रँकच्या आसापासून ७० सेंटिमीटरवर असेल, तर ७२ अंशांत ती आसाच्या मागे साडेएकवीस सेंटिमीटर असते, ७७ अंशांत पावणेसोळा. जवळजवळ सहा सेंटिमीटरचा फरक! सीटखालच्या सळ्यांवर सरकवून हा सगळा फरक भरून निघत नाही, आणि जितका भरून काढाल तितकं चढावर पुढचं चाक हलकं होईल.

म्हणून माझं मत असं. तुमच्या वाटेत खरोखर घाट असेल तर सीट आहे तिथेच राहू द्या. हँडल थोडं वर घ्या. सीटचं नाक किंचित खाली करा, कारण चढावर मागचं सस्पेन्शन दबतं आणि नाक आपोआप वर येतं. बेतानं मात्र, जास्त खाली केलंत तर घसरून सगळा भार पुन्हा हातांवर. रोजचा रस्ता सपाटच असेल, तर सीट पाच-पाच मिलिमीटरनं मागे न्या, आणि दर वेळी उंचीही बघा. मागे गेली की पायडल लांब पडतं, सीट जराशी खाली घ्यावी लागते. पाना लावण्याआधी सळीवर मार्करनं खूण करून ठेवा.