चोवीस तासांचें एंजिन

ज्याचें यंत्र सर्वांत शक्तिमान् तो शर्यत जिंकणार, अशी समजूत पुष्कळांची असते. फ्रान्समधील ल मां येथें इ. स. १९२३ पासून भरत आलेल्या चोवीस तासांच्या मोटारशर्यतीचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. त्यांतील अमेरिकेच्या फोर्ड कंपनीचीच हकीकत आपण पाहूं.

इटलीचा फेरारी कारखाना विकत घेण्याचा फोर्डचा बेत १९६३ सालीं फसला. तेव्हां त्या कारखान्यास ल मांलाच हरवावयाचें, असें फोर्डच्या मालकांनीं ठरविलें. तेथें १९६० पासून फेरारीच जिंकत आली होती. पैशाला तोटा नव्हता. तरी १९६४ त फोर्डच्या तिन्ही गाड्या शर्यत पुरी न करतांच थांबल्या, आणि १९६५ त सहाच्या सहा!

शर्यतीचें एंजिन लहान व चपळ असावें, असा युरोपांतील संप्रदाय. फेरारीचें १९६६ चें चार लिटरचें एंजिन मिनिटास सुमारें ८००० फेरे घेई. फोर्डनें १९६५ पासून सात लिटरचें, ओतीव लोखंडाचें, आठ सिलिंडरांचें धूड वापरावयास घेतलें होतें. तें सुमारें ४८५ अश्वशक्ति अवघ्या ६२०० फेऱ्यांत देई. एकाच एंजिनाचे फेरे दुप्पट केले, तर दट्ट्याच्या दांड्यावरील ताण चौपट होतो. हें गणित ध्यानीं घेतलें म्हणजे या आडदांड निवडींतील शहाणपण कळतें. अर्थात् वजन वाढलें, आणि ताशीं तीनशें किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवणारी ती गाडी वळणाआधीं आवरतांना ब्रेकच्या तबकड्या तापून लाल होत. त्या शर्यतींतच झटपट बदलतां येतील, अशी योजना करावी लागली.

परंतु आमच्या मतें खरें काम झालें तें बंद खोलींत. ल मांच्या एकेका फेरीचा बरहुकूम, म्हणजे कोठें गियर बदलावयाचा, कोठें पूर्ण जोर द्यावयाचा, हें सारें नोंदून घेऊन एंजिन व गियरपेटी परीक्षणयंत्रावर अहोरात्र त्या हुकमानें चालविलीं. जें मोडे तें सुधारून पुन्हां मोडावयास लावीत. अखेर शर्यतीच्या दुप्पट, म्हणजे ४८ तासांपर्यंत मजल गेली.

एवढें करूनहि १९६६ च्या जूनमध्यें उतरलेल्या त्या जातीच्या आठ गाड्यांपैकीं तीनच शेवटास गेल्या. त्या मात्र पहिली, दुसरी आणि तिसरी! विजयी गाडी ३६० फेऱ्या, म्हणजे ४८४३ किलोमीटर धांवली.

एंजिन खोलींत तपासतां येतें. सबंध गाडीला माणूसच लागतो. तें काम केन माइल्स या इंग्रज चालकानें वर्षानुवर्षें केलें. शर्यतीच्या अखेरीस तो पुढें होता. छायाचित्रासाठीं गाड्या एकत्र आणण्याची आज्ञा झाली, आणि दुसरी गाडी आरंभीं कांहीं वार मागून निघाली होती म्हणून तिनें अधिक अंतर तोडलें, असा निर्णय देऊन पंचांनीं तिला पहिलें ठरविलें. दोनच महिन्यांनीं, १७ ऑगस्ट १९६६ रोजीं, कॅलिफोर्नियांतील रिव्हरसाइड येथें पुढल्या वर्षाच्या गाडीची परीक्षा घेतांना माइल्स अपघातांत मरण पावला.