बाळंतिणीच्या खोलीतील कोरे पान

मराठी मध्यमवर्गीय घरातील छायाचित्रांचा जुना संग्रह चाळला, तर त्यात एक ठरावीक क्रम आढळतो. आधी डोहाळजेवण येते. वाडी भरलेली गर्भवती फुलांचे दागिने घालून, हाती धनुष्यबाण घेऊन किंवा पुठ्ठ्याच्या नावेत बसून कॅमेऱ्याकडे पाहत असते. त्यापुढचे पान बारशाचे. पाळणा, कुंची, काजळाची तीट आणि भोवती जमलेल्या आत्या-मावश्या. या दोन पानांच्या मध्ये जे घडले, ज्यासाठी हे दोन्ही समारंभ झाले, त्याचे मात्र एकही छायाचित्र नसते. बाळंतिणीच्या खोलीचे पान कोरेच राहते.

हे कोरे पान भरून काढण्यासाठी व्यावसायिक छायाचित्रकाराला पैसे देऊन प्रसूतिगृहात बोलावण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रुळली, आणि आता भारतातील मोठ्या शहरांतही असे छायाचित्रकार आढळतात. या पद्धतीकडे श्रीमंतांचे फॅड म्हणून पाहणे सोपे आहे, आणि स्त्रीच्या अनुभवाला अखेर मिळालेला सन्मान म्हणून तिचे स्वागत करणेही तितकेच सोपे आहे. आम्हाला या दोन्ही निवाड्यांची घाई वाटते. जन्माची नोंद कोणी करावी, ती कोणासाठी असावी आणि तिची मालकी कोणाची, हे प्रश्न कॅमेऱ्याहून पुष्कळ जुने आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी आम्ही सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे निवडले आहेत. हे मुळात एकाच जिल्ह्याचे भाग होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जन्माच्या नोंदीचे जितके प्रकार या मुलखात सापडतात, तितके अन्यत्र क्वचितच एकत्र सापडतील.

पहिली नोंद सटवाईची. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या, काही घरांत सहाव्या, रात्री पाटा-वरवंट्याची पूजा मांडतात आणि तिच्याजवळ कोरा कागद व लेखणी ठेवतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, अशी समजूत आहे. या विधीतील कागद सकाळीही कोराच असतो, आणि याचे नवल कोणालाही वाटत नाही. लिहिणारी स्त्रीदेवता आहे, पूजा मांडणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि लिहिलेले वाचण्याचा अधिकार कोणालाच नाही. ही नोंद घडते, पण दाखवली जात नाही. सोयराच्या काळात बाळंतिणीची खोली पुरुषांना आणि परक्यांना बंद असे. त्या बंदीत विटाळाची क्रूर कल्पना होती, यात शंका नाही. परंतु त्याच बंदीमुळे ती खोली परक्या नजरेपासून काही दिवस मोकळी राहत होती, हेही नाकारता येत नाही. एकाच उंबऱ्याने स्त्रीला बाहेर टाकले आणि आडोसाही दिला.

दुसरी नोंद नावाची. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे, म्हणजे आजोळी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. ‘कृष्णाकाठ’ या १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या जन्माची कथा सांगितली आहे. आई विठाई प्रसूतीच्या वेळी अत्यवस्थ झाली, गावात वैद्यकीय मदत नव्हती, आणि आजीने सागरोबाला साकडे घातले की माझ्या लेकीला यश दे, त्याची आठवण म्हणून बाळाचे नाव यशवंत ठेवीन. आपण एरवी हे नाव मुलाच्या कर्तृत्वाशी जोडतो. महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झालेल्या माणसाला ते शोभतेही. पण ज्या यशाचे ते नाव आहे, ते आईचे आहे. एक बाई बाळंतपणातून जिवंत उठली, एवढाच त्या नावाचा मूळ अर्थ. त्या खोलीत कॅमेरा नव्हता; आजीने घडलेल्या प्रसंगाची नोंद नावात केली आणि ती सत्तर वर्षे टिकली. आम्हाला ही प्रसूतीची अस्सल नोंद वाटते, कारण तिच्या केंद्रस्थानी बाळापेक्षा बाळंतीण अधिक आहे.

सगळ्याच बाळंतिणींना अशी आजी लाभली नाही. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. फलटण तालुक्यात राहून काम करणाऱ्या या लेखिकेने महारवाड्यातील बाळंतपणांविषयी जे लिहिले आहे, ते मराठी आत्मकथनांत अपूर्व आहे. कोवळ्या वयात आलेले गरोदरपण, कळांच्या जोडीला पोटात पेटलेली भूक, जाणकार हातांचा अभाव, प्रसूतीनंतर अंगाला लावायला धड चिंधी नाही आणि खायला घास नाही. हे सारे लेखिकेने निःसंकोचपणे मांडले. येथे नोंद करणारी व्यक्ती बाहेरून आलेली नाही. तिने या खोल्या आतून पाहिल्या आहेत, आणि तिच्या वर्णनातील भूक कोणत्याही छायाचित्रात दिसली नसती. छायाचित्र चेहऱ्यावरची वेदना दाखवते. ती वेदना कळांची की उपासाची, हे त्याला सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी शब्दच लागतो. साहित्याच्या अभ्यासकांनी हा फरक ध्यानात ठेवावा, असे आम्हाला वाटते.

काही जन्मांना मात्र नोंद न होण्यातच जीवदान होते. सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाईंनी जोतीराव फुले यांच्यासह पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि हवे तर मूल तेथेच ठेवून जावे, अशी सोय त्यांनी केली. त्या घरातील प्रसूतींची चित्रे कोणी काढली असती, तर ते घर एका दिवसात ओस पडले असते. तेथे गोपनीयता हेच औषध होते. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. हा मुलगा पुढे डॉक्टर झाला. त्याचेही नाव यशवंत, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. जन्माचे दस्तऐवजीकरण म्हणजे नेहमीच पुरोगामी पाऊल, असे मानणाऱ्यांनी या घराचा विचार अवश्य करावा.

आता कॅमेऱ्याकडे वळू. १८३९ मध्ये दागेरचे तंत्र जाहीर झाले आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या काळातील एक ठळक नाव म्हणजे भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी. ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकलेला डॉक्टर आणि कुशल छायाचित्रकार एकाच व्यक्तीत येथे भेटतात. तरीही प्रसूती त्या काळच्या छायाचित्रणाचा विषय झाली नाही. तंत्राची अडचण होतीच. प्रकाश भरपूर लागे आणि समोरच्याला निश्चल बसावे लागे. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये या अडचणीवर एक विलक्षण तोड निघाली होती. तान्ह्या मुलाला स्थिर धरण्यासाठी आई त्याच्यामागे बसे आणि तिच्या अंगावरून कापड टाकून तिला झाकून टाकत. छायाचित्रात बाळ दिसते आणि मागे आईच्या आकाराचा एक पडदा दिसतो. बाळ हवे, पण त्याला धरणारी स्त्री दिसू नये, ही त्या चित्राची अट. आमच्याकडील संग्रहांतील कोऱ्या पानाचे आणि या पडद्याचे नाते जवळचे आहे.

मिरजेत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले आणि या मुलखात आधुनिक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. शेजारच्या कोल्हापुरात आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली होती. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या आणि पद स्वीकारण्यापूर्वीच १८८७ मध्ये निधन पावल्या. जपानी व सीरियन सहाध्यायिनींबरोबरचे त्यांचे १८८५ चे छायाचित्र आज जगभर पाहिले जाते. त्यांना वैद्यकाकडे वळवणारी घटना मात्र त्या छायाचित्रात नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले बाळंतपण आणि दहा दिवसांत गेलेले मूल ही ती घटना. एका स्त्रीचे यश कॅमेऱ्याला दिसले. ते ज्या खोलीतून निघाले, ती खोली अंधारातच राहिली.

या अंधारात पहिला डोळा शिरला तो छायाचित्रकाराचा नव्हे, सोनोग्राफीचा. ग्लासगो येथील इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी काढलेल्या गर्भाच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. १९६५ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने लेनार्ट निल्सन यांची गर्भाची रंगीत छायाचित्रे छापली आणि जग थक्क झाले. जीवनाचा उत्सव म्हणून मिरवलेल्या त्या चित्रांतील बहुतेक गर्भ जिवंत नव्हते, हा त्या उत्सवातील मूक भाग. त्या चित्रांत आईही नव्हती. गर्भ जणू आकाशात तरंगत होता. पडद्याआडची आई आता पूर्णपणे नाहीशी झाली.

सातारा-सांगलीत या डोळ्याने काय केले, ते जनगणनेने सांगितले. २००१ मध्ये सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे सातारा जिल्ह्यात ८७८ आणि सांगली जिल्ह्यात ८५१ मुली होत्या. उसाचा, सहकाराचा, शिक्षणसंस्थांचा हा समृद्ध पट्टा. मागास म्हणून हिणवता येईल असा हा प्रदेश नव्हे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला; तरीही मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे, एका महिलेच्या गर्भपातात झालेल्या मृत्यूनंतर, पुरलेले १९ भ्रूण सापडले. दरम्यान, २०१० च्या सुमारास शेजारच्या कोल्हापुरात जिल्हाधिकारी आणि कथाकार लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडण्याचा उपक्रम राबवला. यंत्राने काय पाहिले, याची नोंद दुसरे यंत्र ठेवू लागले. पाहणाऱ्या डोळ्यावर पाहारा बसवावा लागला, याहून गर्भाच्या चित्राविषयीचे भयंकर भाष्य दुसरे कोणते असेल?

जी मुलगी या डोळ्यातून वाचली, तिची नोंद पुन्हा नावात झाली: नकुसा. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात एका समारंभात २८५ मुलींनी हे नाव टाकून नवी नावे घेतली आणि त्यांना तशी प्रमाणपत्रे देण्यात आली. त्या समारंभाची छायाचित्रे देशोदेशीच्या वृत्तपत्रांत आली. या मुलींच्या जन्मक्षणी खोलीत जे चेहरे होते, त्यांचे छायाचित्र कोणी काढले नव्हते; काढण्याची गरजही नव्हती. ते चेहरे त्या मुलींच्या नावात उमटले होते आणि शाळेच्या हजेरीत रोज मोठ्याने वाचले जात होते. यशवंत आणि नकुसा ही एकाच मातीतली दोन जन्मचित्रे आहेत. एकात आईच्या सुटकेचा आनंद आहे, दुसऱ्यात लेकीच्या येण्याचा विषाद.

या पार्श्वभूमीवर प्रसूतिगृहात कॅमेरा घेऊन उभा राहणारा व्यावसायिक पाहावा. त्याचे काम सोपे नाही. कळा वेळ सांगून येत नाहीत, म्हणून दिलेल्या तारखेच्या मागेपुढे त्याला रात्री-अपरात्री निघण्याची तयारी ठेवावी लागते. झगझगीत दिवा वापरता येत नाही, डॉक्टर आणि परिचारिका यांच्या वाटेत येता येत नाही, निर्जंतुक साधनांना शिवता येत नाही. बहुधा तो बाळंतिणीच्या उशाशी उभा राहतो, म्हणजे तिला जे दिसते तेच त्याला दिसते. उभे राहण्याची ही जागा आम्हाला महत्त्वाची वाटते. पायथ्याशी उभा असलेला डोळा शरीर पाहतो. उशाशी उभा असलेला डोळा माणूस पाहतो.

परंतु ही जागा कोणाला मिळते? महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे ६५ टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत सुमारे ९५ टक्क्यांवर गेले. बाळंतपण घरातून रुग्णालयात गेले, तेव्हा सुईण गेली, आई-मावशी दाराबाहेर राहिल्या आणि कळा सोसणारी बाई अनोळखी माणसांत एकटी पडली. सरकारी रुग्णालयांत जवळच्या एका स्त्रीला सोबत थांबू द्यावे, हा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. जेथे सोबतिणीसाठीच इतकी वाट पाहावी लागली, तेथे छायाचित्रकाराची गोष्ट दूरची. शिवाय सामायिक प्रसूतिकक्षात एका स्त्रीची संमती पुरत नाही. शेजारच्या खाटेवरच्या स्त्रीचाही तेथे हक्क असतो. आणखी एक भीती आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आणि त्याचा खर्च माहेराने सोसण्याची आपली रीत आहे. लग्नापूर्वीच्या चित्रीकरणाप्रमाणे हाही एक मानपानाचा प्रकार झाला, तर त्याचे बिल मुलीच्या बापाकडेच जाईल, आणि जो बिल भरतो किंवा भरायला लावतो, त्याच्यासाठीच चित्रे काढली जातात.

म्हणून आमचा निष्कर्ष असा. प्रसूतीचे छायाचित्र काढावे की नाही, याचे उत्तर एकाच व्यक्तीने द्यायचे आहे, आणि तेही कळा सुरू होण्यापूर्वी दिलेले उत्तर ऐन वेळी बदलण्याच्या मुभेसह. तिला ते पान कोरे ठेवायचे असेल, तर १८६३ च्या त्या घराचा वारसा तिच्या पाठीशी आहे. तिला ते भरायचे असेल, तर तिच्या पाठीशी देवराष्ट्र्याची आजी आणि फलटणची लेखिका आहे. या मुलखात अशा छायाचित्राला एक विशेष अर्थही मिळू शकतो. बाळाचे पहिले रडणे ऐकू आल्यावर ‘काय झाले?’ हा प्रश्न येतो, आणि उत्तर ऐकणाऱ्यांचे चेहरे क्षणभर उघडे पडतात. ज्या दोन जिल्ह्यांत त्या क्षणाने शेकडो मुलींची नावे ठरवली, तेथे त्याच क्षणी हसणाऱ्या चेहऱ्यांचे एखादे छायाचित्र मुलीच्या हाती पडणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. ती मोठी झाल्यावर ते पाहील आणि आपण हव्या होतो, हे तिला कोणी वेगळे सांगण्याची गरज उरणार नाही.