दिसतं तेवढंच?

आजची गोष्ट एका तड्याची आहे. खोली साधारण अडीच मिलिमीटर. नखाच्या टोकावर मावेल एवढा.

15 डिसेंबर 1967, शुक्रवार, संध्याकाळचे पाच वाजत आलेले. अमेरिकेतल्या ओहायो नदीवर, वेस्ट व्हर्जिनियाचं पॉइंट प्लेझंट हे गाव पलीकडच्या काठाला जोडणारा सिल्व्हर ब्रिज गाड्यांनी भरला होता. कुणी नाताळची खरेदी करून येत होतं, कुणी कामावरून घरी निघालं होतं. साधारण मिनिटभरात अख्खा पूल नदीत गेला. 46 माणसं गेली, त्यातल्या दोघांचे मृतदेह कधीच सापडले नाहीत.

1928 साली बांधलेला हा झुलता पूल तारांच्या दोरखंडांवर नव्हता, पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर होता. पट्टीच्या दोन्ही टोकांना मोठं भोक, त्यात पिन, की पुढची पट्टी. साखळीच्या प्रत्येक कडीत अशा फक्त दोन पट्ट्या. त्यातली एक तुटली आणि उरलेली एकटी काय करणार? तडा होता भोकाच्या आतल्या बाजूला. गंज आणि ताण, दोघांनी मिळून तो वर्षानुवर्षं वाढवलेला. चौकशीत स्पष्ट झालं, की जोड सुटा केल्याशिवाय तो कुणालाही दिसला नसता.

आता यातली मला खटकणारी गोष्ट ऐका. डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यामुळे पूल पडला आणि त्यावरचा मुख्य उपाय ठरला डोळ्यांनी बघणं! 1968 मध्ये कायदा झाला, 1971 मध्ये पूल तपासणीचे पहिले राष्ट्रीय नियम आले. साधारण दर दोन वर्षांनी प्रशिक्षित माणसानं पूल पाहायचा, भागाभागाला 0 ते 9 गुण द्यायचे. हे चुकलं असं मी म्हणत नाही. त्याआधी देशभर एकसारखी पद्धतच नव्हती. गंज, वाकलेला भाग, खचलेला पाया हे सगळं डोळ्यांना दिसतंच की.

पण थकव्याचा तडा वेगळा. पोलाद एका जड ट्रकनं तुटत नाही. लाखो ट्रक जातात, दर वेळी जोडावर थोडा ताण येतो आणि जातो. वेल्डच्या कडेला बारीकशी चीर सुरू होते. ट्रक वर असताना ती किंचित उघडते, गेला की मिटते. वरून रंग, त्यावर धूळ, पक्ष्यांची घाण. नशीब असेल तर रंग फुटून गंजाची तपकिरी रेघ ओघळते, आणि ती हेरायला माणूस जोडापासून हातभर अंतरावर असावा लागतो. तोही पाळण्यात उभा राहून, नदीवर, वाऱ्यात.

तो किती वेळा हेरतो, हे मोठ्या प्रमाणावर मोजायला तब्बल तीस वर्षं लागली. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनानं 25 राज्यांतल्या 49 तपासनिसांना बोलावून तेच ते पूल प्रत्येकाकडून तपासून घेतले. अहवाल आला 2001 मध्ये. एकाच भागाला सरासरी चार ते पाच वेगवेगळे गुण मिळाले होते. तेही एक वेळ समजू शकतो, शाळेतल्या निबंधाचंही तसंच होतं. पण वेल्डमधल्या तड्यांचा आकडा मी दोनदा वाचला : अचूक ओळखण्याचं प्रमाण 3.9 टक्के. शंभरात चारही नाही. आणि हे नुसतं येता-जाता पाहणं नव्हतं, मुद्दाम जवळ जाऊन केलेली सखोल तपासणी होती.

कोण बरं काम करतो, तेही त्यांनी पाहिलं. उंचीवर आणि पाळण्यात माणूस किती निर्धास्त असतो, टॉर्च वापरतो का, वर्षाला किती पूल पाहतो, अशा साध्या गोष्टींचा परिणामांशी संबंध दिसला. मला हा अहवालाचा सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. ज्याला उंचीची धास्ती आहे तो वेल्डच्या जवळ जाणारच नाही. फॉर्म मात्र भरेल.

चुंबकीय भुकटी, रंगद्रव्य, अल्ट्रासाउंड ही साधनं आहेत, पण ती कुठं लावायची हे बहुतेक वेळा आधी डोळेच ठरवतात.

मग 11 मे 2021. मेम्फिसला मिसिसिपीवरच्या हर्नांडो डी सोटो पुलावर तपासनिसांना एक मोठी तुळई तडकलेली दिसली. त्यांनी थेट 911 ला फोन करून वाहतूक थांबवायला सांगितलं. खालची जहाजंही थांबली. पूल पूर्ववत व्हायला ऑगस्ट उजाडला. दोष मुळात 1970च्या दशकातल्या वेल्डिंगमधला होता. पण मग जुनी चित्रं शोधली गेली. 2019च्या ड्रोनच्या चित्रफितीत तडा होता. 2016 मध्ये कयाकमधून चाललेल्या एका माणसानं काढलेल्या फोटोतही होता. मधल्या वर्षांत तपासण्या झाल्याच होत्या. ज्या तपासनिसाच्या नजरेतून तो निसटला, त्याला नोकरीवरून काढलं.

त्याची चूक होतीच, हा तडा केसाएवढा नव्हता. तरी 3.9चा आकडा वीस वर्षं कपाटात असताना फक्त त्यालाच घरी पाठवलं, हे मला अजून पटलेलं नाही.