बिस्मार्क, कामगार आणि पगारातली कपात

मंडळी, सोशल हेल्थ इन्शुरन्स म्हटलं की आपल्याला वाटतं हे सगळं कुठल्यातरी डाव्या सरकारचं काम असणार. पण जगातला पहिला देशव्यापी सक्तीचा आरोग्य विमा आणला तो बिस्मार्कने. म्हणजे कट्टर राजेशाहीवादी, जमीनदार, आणि समाजवाद्यांचा पक्का वैरी!

१८७८ साली त्याने समाजवाद्यांच्या सभा, संघटना, वर्तमानपत्रं यांच्यावर बंदी घातली. पण नुसत्या दंडुक्याने कामगार आपल्या बाजूला येत नाही हे त्याला कळत होतं. कारखान्यातला माणूस आजारी पडला की त्याच दिवशी मजुरी बंद, आणि घर कर्जात. तेव्हा हे दुखणं सरकारने हाती घेतलं तर कामगार सरकारचा होईल, असा सरळ हिशेब. जून १८८३ मध्ये कायदा झाला, डिसेंबर १८८४ पासून लागू. वर्गणीतला दोन तृतीयांश वाटा कामगाराचा, एक तृतीयांश मालकाचा. बदल्यात डॉक्टर आणि औषधं फुकट, आणि आजारपणाच्या तिसऱ्या दिवसापासून अर्धी मजुरी, तेरा आठवड्यांपर्यंत.

आता गंमत बघा. हा पैसा सरकारी तिजोरीत जातच नव्हता. खाणकामगारांचे, कारागिरांचे मदतफंड जर्मनीत आधीपासून होते, त्याच धर्तीवर ठिकठिकाणी स्वायत्त फंड निघाले. त्यांना म्हणतात क्रांकेनकासे. ज्याची जेवढी वर्गणी तेवढ्या कारभारात जागा, म्हणजे दोन तृतीयांश कामगारांच्या! समाजवादी खासदारांनी या कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं, पण पुढे त्यांनीच निवडणुका लढवून हे फंड ताब्यात घेतले आणि कार्यकर्त्यांना तिथे नोकऱ्याही लावल्या. १८८१ च्या निवडणुकीत त्यांना तीन लाखांच्या आसपास मतं होती, १८९० मध्ये चौदा लाखांवर गेली. त्याच वर्षी बिस्मार्कची खुर्ची गेली आणि बंदीही उठली. विमा मात्र राहिला.

पुढची भांडणं डॉक्टरांशी. फंड म्हणणार, आम्ही ठरवू तो डॉक्टर आणि आम्ही देऊ ती फी. १९०० साली लाइपझिगमध्ये डॉक्टरांनी संघटना काढली, १९०४ मध्ये त्याच शहरात संप केला आणि जिंकलासुद्धा. शेवटी १९३१ मध्ये तोडगा निघाला: फंडाने एकगठ्ठा रक्कम डॉक्टरांच्या प्रादेशिक मंडळाला द्यायची, मंडळाने ती डॉक्टरांत वाटायची. पेशंटच्या हातात बिल येतच नाही. दवाखान्याबाहेरच्या उपचारांसाठी आजही साधारण हीच पद्धत आहे.

मधली काळी पानं गाळता येणार नाहीत. एप्रिल १९३३ मध्ये नाझींनी ज्यू आणि कम्युनिस्ट डॉक्टरांना फंडांच्या यादीतून काढणारा हुकूम काढला. बहुतेक पेशंट फंडाचेच, त्यामुळे यादीतून नाव गेलं की प्रॅक्टिस संपली. फंडांचा निवडून आलेला कारभारही मोडून टाकला. लोकांनी चालवलेली यंत्रणा एवढी हाताशी तयार होती, की ती फिरवायला फार वेळ लागला नाही. मला हे वाचताना सगळ्यात जास्त अस्वस्थ वाटलं.

युद्धानंतर, १९५१ पासून, वर्गणी निम्मी-निम्मी झाली. २०२५ चा दर पगाराच्या १४.६ टक्के, शिवाय प्रत्येक फंडाचा जादा दर, सरासरी २.५. म्हणजे महिना ४,००० युरो पगार असेल तर ६८४ युरो, त्यातले ३४२ तुमच्या खिशातून. तुम्ही पंचविशीतले धडधाकट असा की साठीतले मधुमेही, दर तोच. कमाई नसलेला नवरा किंवा बायको आणि पोरं त्याच वर्गणीत येतात, एक पैसा जास्त नाही. आमच्या टीममधून तिकडे गेलेला एक मित्र यावर जाम वैतागलेला असतो. "एकटा मी, वर्षभरात साधी सर्दी नाही, आणि शेजारच्या डेस्कवाल्याच्या चार माणसांचा खर्च मी का उचलू?" मी त्याला म्हटलं, बाबा रे, तुझं लग्न होऊ दे, मग बोलू.

त्याच्या दुसऱ्या तक्रारीत मात्र दम आहे. १९९६ पासून बहुतेकांना फंड निवडायची मुभा मिळाली. मग कुठलाही फंड तरुण, निरोगी, चांगल्या पगाराचीच माणसं गोळा करेल ना? म्हणून त्याआधीच, १९९४ पासून, कमी जोखमीच्या फंडाने जास्त जोखमीच्या फंडाला पैसे द्यायची सोय केली, आणि २००९ पासून सगळी वर्गणी आधी एका मध्यवर्ती निधीत जाते. (आपल्या भाषेत लोड बॅलन्सिंग!) पण वर एक दार उघडंच आहे. २०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरोंपेक्षा जास्त कमावणारा नोकरदार हे सगळं सोडून खाजगी विम्यात जाऊ शकत होता. ज्यांची वर्गणी सगळ्यात जड, त्यांनाच बाहेर पडायची मुभा. हे माझ्या डोक्यात काही केल्या बसत नाही.

आपल्याकडे याच जातीची योजना म्हणजे ईएसआय. बी. पी. अदारकरांनी १९४४ साली अहवाल दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. १९४८ मध्ये कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरुवात. पण इथे पगाराची मर्यादा उलटी लागते: ती ओलांडली की बाहेर पडायची मुभा नाही, बाहेरच! २०१७ मध्ये ती महिना २१,००० रुपये झाली. म्हणजे आपल्या ऑफिसच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला ईएसआयमध्ये, आणि आपण कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये, जो बहुधा राजीनाम्याबरोबर संपतो. त्याचा आणि आपला पैसा एका गल्ल्यात कधी येतच नाही.